लेऑफ झाला, आता पैसे किती मिळणार? सेव्हरन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं तेव्हापासून हिंजवडी-खराडीपासून ऐरोलीपर्यंत हेच प्रश्न फिरतायत. इथली उत्तरं खाजगी कंपनीतल्या पगारदार माणसासाठी आहेत, शेवटी अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी पण थोडं लिहिलंय. कायदा २१ नोव्हेंबर २०२५ ला बदलला, चार नवीन लेबर कोड (कामगार संहिता) त्या दिवशी लागू झाले, त्यामुळे त्याआधीचे लेख वाचत असाल तर जपून.

सेव्हरन्स, म्हणजे नोकरीवरून काढताना द्यायचे पैसे, देणं कंपनीला कंपल्सरी आहे का?

काहींच्या बाबतीत हो, बाकीच्यांच्या बाबतीत नाही. कायद्याच्या भाषेत तुम्ही "कामगार" असाल तर छाटणीची भरपाई कंपल्सरी आहे, म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन, आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर तेही एक वर्ष धरायचं. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि आता औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तुम्ही मॅनेजर असाल तर ऑफर लेटरमध्ये आणि कंपनीच्या पॉलिसीत जे लिहिलंय तेवढंच, त्यावर जे मिळेल ते बोलून मिळवायचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, मी कसला कामगार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोक इथेच स्वतःचं नुकसान करून घेतात, कारण कामगार म्हटलं की डोळ्यासमोर पिंपरीतला मशीन शॉप येतो आणि मग माणूस स्वतःच म्हणतो की आपण काही त्यात बसत नाही. कायदा पदाचं नाव बघत नाही, काम काय करता ते बघतो. टेक्निकल काम, स्किल्ड काम, क्लेरिकल काम, ऑपरेशनल काम हे सगळं व्याख्येत आहे. बाहेर कोण? जो मुख्यतः मॅनेजर किंवा प्रशासनाचं काम करतो तो, आणि सुपरवायझर असून वेतन महिना १८ हजारांच्या वर आहे तो. नीट बघा, ही १८ हजारांची मर्यादा फक्त सुपरवायझरला आहे, जो स्वतः बसून कोड लिहितो किंवा टेस्टिंग करतो त्याला पगाराची मर्यादा नाही.

आता तुमच्या कार्डावर "असिस्टंट मॅनेजर" आहे पण हाताखाली एकही माणूस नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, अप्रेझल करत नाही, तर ते नुसतं नाव झालं. पण हे कंपनी आपणहून मान्य करणार नाही, वाद झाला तर कोर्टात पुराव्यानं दाखवावं लागतं, म्हणून रोजचं काम काय होतं ते दाखवणारे तुमचे स्वतःचे कागद, केआरए (कामाच्या जबाबदाऱ्यांची यादी), अप्रेझल लेटर वगैरे जपून ठेवा. क्लायंटचा डेटा किंवा कोड मात्र घरच्या मेलवर पाठवू नका, त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई होते.

एचआर म्हणते "आजच रिझाइन टाक, नाहीतर टर्मिनेट करू, रेकॉर्ड खराब होईल". काय करू?

त्या मीटिंगमध्ये काहीही सही करू नका, पोर्टलवर रिझाइनचं बटण दाबू नका. शांतपणे म्हणा की मला ऑफर लेखी द्या, वाचून दोन दिवसांत सांगतो. बहुतेक वेळा मीटिंग अर्ध्या तासाची असते, समोर दोघं तिघं बसलेले, लॅपटॉपचा ॲक्सेस संध्याकाळी जाणार असं सांगतात, हे सगळं मुद्दामच घाईचं केलेलं असतं.

कंपनीला तुमचा राजीनामा का हवा? कारण राजीनामा दिला की छाटणी झालीच नाही. मग वर्षाला १५ दिवसांची भरपाई नाही, सरकारला कळवायची गरज नाही, ज्युनियरला ठेवून सिनियरला का काढलं हा प्रश्न नाही (कायद्यात कामगारांसाठी शेवटी आला तो आधी जाणार असा नियम आहे, आणि तो मोडला तर कारण नोंदवावं लागतं). शिवाय जॉइनिंग बोनस किंवा रिलोकेशनच्या पैशांच्या करारात बऱ्याचदा "स्वतःहून सोडल्यास परत" असं असतं, तोही मीटर सुरू होतो. होम लोनबरोबर नोकरी जाण्याचा विमा गळ्यात मारलेला असेल तर तोही राजीनाम्यावर पैसे देत नाही.

आता खरं सांगायचं तर राजीनामा देऊन चांगलं पॅकेज घेणं हा काही जणांसाठी बरोबर निर्णय असतो, मॅनेजर लेव्हलच्या माणसाला कायद्याची भरपाई तशीही नाही, त्याला चार महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळत असेल तर भांडून काय करणार. पण आधी आकडा लेखी, मग राजीनामा. उलट क्रमानं केलं की हातात काही राहत नाही.

जबरदस्तीनं राजीनामा घेतलाच, आता?

लगेच, म्हणजे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या पर्सनल मेलवरून एचआरला मेल टाका की अमुक तारखेला अमुक मीटिंगमध्ये मला राजीनामा द्यायला भाग पाडलं, तो माझ्या मर्जीचा नाही आणि मी तो मागे घेतोय. साध्या भाषेत चार ओळी पुरतात. तीन महिन्यांनी हेच म्हणालात तर कुणी ऐकणार नाही. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात होते, पुण्यात शिवाजीनगर-वाकडेवाडी भागात, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात. आयटीवाल्यांसाठी पुण्यात नाइट्स नावाची संघटना आहे, टीसीएसच्या वेळी त्यांनीच सरकारकडे तक्रारी केल्या होत्या.

पॅकेजचा आकडा मोठा दिसतोय, सहा लाख म्हणतायत. चांगलं आहे का?

आधी तो आकडा फोडा. पॅकेज म्हणून जे एकत्र दाखवतात त्यात बरेच पैसे असे असतात जे तुम्हाला तसेही मिळणारच होते, आणि ते बाजूला काढल्याशिवाय कंपनी खरंच किती देतेय ते कळत नाही.

एक उदाहरण करून बघू. पगार महिना ८०,०००, त्यात बेसिक ३२,०००, नोकरी ७ वर्षं ८ महिने, करारात नोटीस दोन महिन्यांची, २० सुट्ट्या शिल्लक.

नोटीसचा पगार दोन महिन्यांचा १,६०,०००, हा करारानंच तुमचा. ग्रॅच्युइटी १,८४,६१५ (कशी ते खाली आहे), ही कायद्यानं तुमची. सुट्ट्यांचे बेसिकवर साधारण २१,३३३. झाले ३,६५,९४८. सहा लाखांतून हे गेले तर उरले २,३४,०५२. आता तुम्ही कामगार व्याख्येत बसत असाल तर छाटणीची भरपाई, म्हणजे अर्ध्या महिन्याचं वेतन गुणिले ८ वर्षं (वेतन ४०,००० का धरलं तेही खाली आहे), २०,००० गुणिले ८ म्हणजे १,६०,००० हीसुद्धा हक्काचीच. तर कंपनीनं खुशीनं वर दिलेले पैसे राहिले ७४,०५२, म्हणजे एका पगारापेक्षाही कमी, आणि तेवढ्यासाठी तुमच्याकडून राजीनामा आणि "पुढे कुठलाही दावा करणार नाही" अशी सही. आता ठरवा चांगलं आहे का.

म्हणून एचआरला मेलमध्ये एवढंच विचारा: कृपया ब्रेकअप द्या, नोटीस पे, ग्रॅच्युइटी, लीव्ह एन्कॅशमेंट, छाटणी भरपाई आणि एक्स ग्रेशिया (खुशीनं वर दिलेले पैसे) वेगवेगळं दाखवा. हा एक मेल आला की समोरच्यालाही कळतं की हा माणूस वाचून आलाय.

ग्रॅच्युइटी कशी काढायची? पाच वर्षं झाली नसतील तर?

शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात म्हणून ७ वर्षं ८ महिने म्हणजे ८. कमाल मर्यादा २० लाख.

आता बदल झालाय तो "वेतन" कशाला म्हणायचं यात. आधी फक्त बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), आणि कंपन्या मुद्दाम बेसिक ३०-४० टक्के ठेवायच्या. नवीन व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. म्हणून वरच्या उदाहरणात ३२,००० ऐवजी ४०,००० धरले. जुन्या हिशोबानं १,४७,६९२ आले असते, म्हणजे साधारण ३७ हजारांचा फरक. एफएनएफच्या (शेवटच्या हिशोबाच्या) शीटमध्ये हा आकडा जुन्याच बेसिकवर काढलाय का ते आवर्जून तपासा, पेरोलवाले जुनं एक्सेल वापरत राहतात.

पाच वर्षांची अट कायम आहे. ४ वर्षं २४० दिवस झाले असतील तर मद्रास हायकोर्टाच्या जुन्या निकालाच्या आधारावर ग्रॅच्युइटी मागता येते, काही कंपन्या देतात, काही भांडायला लावतात. फिक्स्ड टर्मवाल्यांना (ठरलेल्या मुदतीच्या करारावर असलेल्यांना) मात्र आता एका वर्षानंतरच प्रमाणात मिळते, हा नवीन कोडमधला खरंच चांगला बदल आहे.

पैसे किती दिवसांत यायला हवेत? एचआर म्हणते ६० दिवस.

वेतन संहितेत लिहिलंय की काढलं, छाटणी केली किंवा राजीनामा दिला तरी शिल्लक वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं. आणि हे मॅनेजरलासुद्धा लागू आहे, कारण तिथली व्याख्या मोठी आहे. ग्रॅच्युइटीला ३० दिवस, उशीर झाला तर व्याज. ४५ दिवस ६० दिवस ही कंपन्यांची जुनी सवय आहे, कायदा नाही. एक्स ग्रेशियाला मात्र करारात लिहिलेली तारीखच चालते, म्हणून तारीख लिहून घ्या, "लवकरात लवकर" असं नको.

टॅक्स किती कापणार?

हे प्रत्येक तुकड्याचं वेगळं आहे आणि म्हणूनसुद्धा ब्रेकअप लागतो. ग्रॅच्युइटी ठरलेल्या सूत्रात बसते तेवढी, जास्तीत जास्त २० लाखांपर्यंत, करमुक्त. सुट्ट्यांचे पैसे खाजगी नोकरीत २५ लाखांपर्यंत, आयुष्यभराची मर्यादा धरून, अजून एक दोन अटी आहेत पण सामान्य माणसाचे पैसे त्यात बसतात. कामगाराला मिळालेली छाटणीची भरपाई कायद्याच्या सूत्राइतकी आणि कमाल ५ लाखांपर्यंत करमुक्त. नोटीसचा पगार आणि एक्स ग्रेशिया पूर्ण करपात्र, पगार समजूनच टीडीएस कापतात.

इथे परत राजीनाम्याचा मुद्दा येतो. कागदावर राजीनामा आणि "एक्स ग्रेशिया" लिहिलं तर कामगार असूनही त्या ५ लाखांच्या सवलतीचा दावा अवघड होतो.

मोठी रक्कम एकाच वर्षात आल्यामुळे स्लॅब वर गेला तर काही अटींवर रिलीफ मागता येतो, त्याचा वेगळा ऑनलाइन फॉर्म रिटर्नच्या आधी भरावा लागतो, विसरलात तर नोटीस येते. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर पडत असाल तर पैसे कुठल्या आर्थिक वर्षात देय धरायचे हे करार होण्याआधी सीएला विचारा, पुढच्या वर्षी उत्पन्न कमी असणार असेल तर बराच फरक पडतो. १ एप्रिल २०२६ पासून नवीन प्राप्तिकर कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे जुना नंबर सांगणाऱ्या व्हिडिओवर जाऊ नका.

पीएफ काढून टाकू का?

अगदी अडलं असेल तरच. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या मंडळानं ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता येतील आणि उरलेले १२ महिने बेकार राहिल्यावर, आधी दोन महिन्यांनी सगळे निघायचे. पाच वर्षं सलग सेवा नसेल तर काढलेल्या पैशावर टॅक्स लागतो (जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केला असेल तर ती वर्षं धरतात, बऱ्याच जणांचा ट्रान्सफर राहिलेला असतो, तो आधी करा). पोर्टलवर कंपनीनं बाहेर पडल्याची तारीख टाकलीय ना ते बघा, ती नसली की पुढचं सगळं अडतं.

आमच्या कंपनीत दोन हजार लोक आहेत, सरकारची परवानगी न घेता कसं काढलं?

परवानगीचा नियम फक्त कारखाने, खाणी आणि मळे यांना आहे, तोही आता ३०० किंवा जास्त कामगार असतील तर, आधी १०० होता. आयटी ऑफिसला लागत नाही. परवानगी लागत नाही म्हणजे नोटीस आणि भरपाईही लागत नाही असं मात्र नाही, हे दोन वेगळे विषय आहेत.

पीआयपीवर (काम सुधारून दाखवायच्या मुदतीवर) टाकून परफॉर्मन्सच्या नावाखाली काढलं, तर ते लेऑफ धरायचं का?

कायद्यात छाटणीची व्याख्या फार मोठी आहे, शिस्तभंगाची शिक्षा सोडून कुठल्याही कारणानं मालकानं काढलं तर ती छाटणी. रीतसर चौकशी करून गैरवर्तन सिद्ध केलं नसेल आणि नुसतं "अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत" म्हणून काढलं असेल तर कामगाराला भरपाई लागतेच. अट एकच, मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेलं हवं, आणि त्यात रविवार आणि पगारी सुट्ट्याही धरतात. प्रोबेशनवर असलात तरी हे २४० दिवस मोजून बघा.

मॅटर्निटी लीव्हवर असताना काढलं.

बेकायदेशीर आहे. २६ आठवड्यांच्या रजेत कामावरून काढता येत नाही, तशी नोटीसही देता येत नाही जी रजेतच संपेल. सेव्हरन्सची बोलणी करायची असली तरी रजेचे पैसे त्याच्या बाहेर, वेगळे. इथे वकिलाची फी वाचवू नका.

रिस्किलिंग फंड म्हणजे काय? कुणी बोललंच नाही.

नवीन संहितेत आहे. छाटणी झालेल्या प्रत्येक कामगारामागे कंपनीनं शेवटच्या वेतनाचे १५ दिवसांचे पैसे फंडात भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. हे भरपाईच्या वर आहे, त्यातून वजा करायचं नाही. एचआरला विचारा, कदाचित त्यांनाही शोधावं लागेल.

सेटलमेंट लेटरवर सही करताना काय बघायचं?

आकडे आणि तारखा तर झाल्याच. त्याशिवाय "सर्व दावे सोडत आहे" या ओळीत ग्रॅच्युइटी आणि पीएफ वगळलेत असं लिहून घ्या. रिलीव्हिंग आणि एक्सपिरियन्स लेटरचा मजकूर आधीच मागा, "टर्मिनेटेड" शब्द नको असेल तर तेही आत्ताच बोला, नंतर कुणी फोन उचलत नाही. पुढे एक वर्ष कॉम्पिटिटरकडे जायचं नाही असं कलम दिसलं तर घाबरून जाऊ नका, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडे साधारणपणे चालत नाही, पण गोपनीयतेचं कलम चालतं. ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क) असतील तर वेस्ट झालेले, म्हणजे पक्के तुमचे झालेले, किती दिवसांत घ्यायचे ते बघा, अनेक स्कीममध्ये ९० दिवसच असतात.

बोलणी करताना लोक फक्त पैसे मागतात. मेडिक्लेम अजून तीन महिने चालू ठेवा असं मागून बघा, कंपनीला ते सोपं जातं, आणि घरात आईवडील त्याच पॉलिसीवर असतील तर त्याची किंमत पैशापेक्षा जास्त आहे. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण कव्हर संपायच्या आधी अर्ज करावा लागतो.

कॉन्ट्रॅक्टवर होतो, पगार व्हेंडरकडून यायचा. मागायचं कुणाकडे?

व्हेंडरकडे, कारण अपॉइंटमेंट लेटर त्याचं. क्लायंटनं प्रोजेक्ट संपवला म्हणून व्हेंडरची नोटीस आणि भरपाईची जबाबदारी जात नाही. ठरलेल्या मुदतीचा करार मुदतीलाच संपला असेल तर मात्र ती छाटणी नाही.

मी न्यू जर्सीला असतो, तिकडे काय?

अमेरिकेत केंद्राचा वॉर्न कायदा १०० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीला मोठ्या लेऑफसाठी ६० दिवसांची नोटीस द्यायला लावतो, सेव्हरन्स द्यायला नाही. पण न्यू जर्सीचं वेगळं आहे, एप्रिल २०२३ पासून मोठ्या लेऑफमध्ये ९० दिवसांची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार कंपल्सरी आहे, त्यामुळे एडिसनमध्ये राहून तिथल्याच ऑफिसला जात असाल तर कंपनी "आम्ही चार आठवडे देतोय" म्हणाली तरी आधी स्वतःची वर्षं मोजा. वय ४० किंवा जास्त असेल तर वयाच्या भेदभावाचा दावा सोडण्याच्या सहीसाठी किमान २१ दिवस, ग्रुप लेऑफ असेल तर ४५ दिवस विचाराला द्यावे लागतात, सही केल्यावरही ७ दिवसांत मागे घेता येते.

एच-१बी व्हिसावाल्यांना पैशापेक्षा तारीख महत्त्वाची. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड, आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर त्याहून कमी. म्हणून तिकडे बोलणी करताना एकरकमी जास्त पैशांपेक्षा "अजून दोन महिने पेरोलवर ठेवा" हे मागणं कित्येकदा शहाणपणाचं ठरतं, फक्त पेरोलवर असणं म्हणजे नोकरीत असणं धरलं जाईल का हे इमिग्रेशन वकिलाकडून पक्कं करा.

पंधरा दिवसांत दुसरी नोकरी लागली तर सेव्हरन्स परत द्यावा लागतो का?

हातात पडलेले पैसे परत द्यावे लागत नाहीत. भानगड होते ती हप्त्यानं पैसे देणाऱ्या पॅकेजमध्ये, किंवा गार्डन लीव्हवर असताना, म्हणजे कामाला बोलवत नाहीत पण नोकरी कागदोपत्री चालूच आहे, अशा वेळी दुसरीकडे जॉइन झालात तर दोन पीएफ एकाच महिन्यात दिसतात, नवीन कंपनीचं बॅकग्राउंड चेक अडतं आणि जुनी कंपनी उरलेले हप्ते थांबवते. नवीन नोकरी हातात असेल तर जुन्या एचआरला शेवटची तारीख अलीकडे आणायला सांगा आणि उरलेल्या नोटीसचे पैसे एकरकमी मागा, बऱ्याच वेळा ते लगेच तयार होतात.